तोंडी पुरावा

काही वर्षांपूर्वी बोलींतील शब्दसंग्रहाच्या निमित्ताने आम्ही बीड जिल्ह्यातील वडवणी तालुक्यात हिंडत होतो. ऊसतोड कामगारांची परिभाषा हा आमचा विषय. कोयता, उचल, फड, कोपी, मुकादम हे शब्द ग्रामीण साहित्याच्या तासाला आम्ही शिकवीत आलो होतो. पण ‘कोयता’ म्हटले की तेथे नवराबायकोची जोडी मोजली जाते आणि ‘उचल’ घेतली की पुढचा सारा हंगाम गहाण पडतो, हे बीड-परळी रस्त्यालगतच्या गावांत बसून ऐकल्यावर या शब्दांना जे वजन येते ते वर्गात येत नाही.

एका गावी पारावर उचलीच्या हिशेबाची बैठक चालली होती. आम्ही वही उघडून कडेला बसलो. हिशेब ज्याचा होता तो गृहस्थ चाळिशीचा, जन्मापासून ऐकू न येणारा. शेजारी त्याची मुलगी, चौथी-पाचवीतली. कोणी काही विचारले की ती वडिलांकडे वळून हातांनी, ओठांनी, भुवयांनी ते सांगे. वडील हातांनी उत्तर देत आणि ती ते बोलून दाखवी. एका क्षणी वडिलांचा तळहात स्वतःची छाती आणि मुकादम यांच्या दरम्यान दोनदा हलला. मुलगी थोडी थांबली, तिने मुकादमाकडे पाहिले आणि म्हणाली, “बाबा म्हणतेत, दोनदा घेतले.” वडिलांनी तिच्या ओठांकडे पाहिले असावे. त्यांनी मांडीवर थाप मारली आणि तीच खूण पुन्हा, अधिक जोरात केली. मुलीने तेच वाक्य पुन्हा, अधिक हळू आवाजात उच्चारले. “पोरीनं सांगितलं ना, झालं मग,” असे एक वडीलधारे म्हणाले आणि कागदावर आकडा पडला.

दोनदा घेतले, की दोनदा दिले? तो तळहात छातीपासून निघाला होता, की छातीशी येऊन थांबला होता? आज आम्हांला हे शपथेवर सांगता येणार नाही. त्या वेळी तर हा प्रश्न पडलाही नव्हता. तो पडायला काही वर्षे, थोडे वाचन आणि मुंबईतील काही कर्णबधिर मित्रांची संगत लागली. त्या प्रश्नामागे जो इतिहास आहे तो मराठीत फारसा मांडला गेलेला नाही, म्हणून हा खटाटोप.

दुभाष्यांची नोंद इतिहासाने ठेवलेली आहे, पण ती राजदरबारातील दुभाष्यांची. १६७४ साली राज्याभिषेकाच्या सुमारास मुंबईकर इंग्रजांची वकिलात रायगडावर आली, तेव्हा हेन्री ऑक्झिंडेनच्या बरोबरीने नारायण शेणवी या दुभाष्याचे नावही कागदोपत्री राहिले. अशा दुभाष्याला वेतन असे, त्याचा पक्ष ठाऊक असे आणि म्हणूनच त्याच्यावर संशय घेण्याचीही सोय असे. बहिऱ्या माणसाचा दुभाषी मात्र घरातला: आई, बहीण, बायको, पोर. त्याला वेतन नाही, शपथ नाही. आणि तो घरचाच असल्याने त्याच्या शब्दावर संशय घ्यावा असे कोणाच्या मनातही येत नाही. तो जे बोलेल ते त्या माणसाचे बोलणे. पारावरच्या वडीलधाऱ्यांनी उच्चारलेले वाक्य या अर्थाने फार जुने आहे.

आपल्या भाषेनेही त्याला हातभार लावलेला आहे. मराठीत ‘मुका’ हे विशेषण माणसाइतकेच जनावराला लागते, आणि ज्याचा वळ दिसत नाही त्या मारालाही. ‘वाचा फोडणे’ हे तर आपल्या समीक्षेतील नेहमीचे क्रियापद. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांनी पाक्षिक सुरू केले त्याचे नाव ‘मूकनायक’. तेथील मूकपण समाजाने लादलेले होते आणि त्या नावाचे सामर्थ्य आम्ही जाणतो. तरीही या रूपकांची एवढी सवय आपल्याला झालेली आहे की, प्रत्यक्षात ज्याला ऐकू येत नाही तो माणूस मूक नसतो, तो अखंड बोलत असतो, आपल्याला ते वाचता येत नाही एवढेच, ही साधी गोष्ट रूपकाखाली दडून जाते. ‘हातवारे’ या शब्दाचा वास पाहा. जो मुद्द्याचे बोलत नाही तो हातवारे करतो!

हातांनी बोलण्याची कल्पना मात्र आपल्याकडे नवी नाही. कामसूत्रातील चौसष्ट कलांच्या यादीत ‘अक्षरमुष्टिकाकथन’ येते, आणि जुन्या मराठीत नेत्रपल्लवीच्या जोडीला ‘करपल्लवी’ हा देखणा शब्द आहे. करपल्लवीची पारंपरिक रीत अशी की, हाताच्या ठरावीक आकाराने वर्णांचा वर्ग सांगायचा आणि बोटांच्या संख्येने त्या वर्गातील अक्षर. अभ्यासकांनी येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. करपल्लवी म्हणजे ऐकू येणाऱ्यांनी आपलीच बोलभाषा गुपचूप बोटांवर उतरवणे. ती एक लिपी आहे. बहिऱ्यांची हातभाषा कोणत्याही बोलभाषेची लिपी नाही. हा भेद जगातील भाषाशास्त्रज्ञांनाही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत नीट उमगला नव्हता, तेव्हा आपण फार संकोचण्याचे कारण नाही.

आता कायद्याकडे वळू. या विषयाचे खरे दप्तर तेथेच सापडते. मनुस्मृतीने वारसाहक्कातून ज्यांना वगळले त्यांत जन्मतः बहिरे आहेत आणि मुकेही आहेत. याज्ञवल्क्य आणि त्यावरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा यांच्या आधाराने ही परंपरा पुढे आली. अशांना अन्नवस्त्र द्यावे, वाटा देऊ नये, असा तो नियम. इंग्रजी अंमलातील न्यायालयांनी हिंदू कायदा म्हणून तो स्वीकारला. १९२८ च्या हिंदू वारसा (अपात्रता निवारण) कायद्याने मिताक्षरा मानणाऱ्या प्रदेशांपुरता तो मोडीत निघाला.

परंतु त्याच्या बरोबर ५६ वर्षे आधी, १८७२ साली, जेम्स फिट्झजेम्स स्टीफनने रचलेला भारतीय पुरावा कायदा आला होता. त्याच्या ११९ व्या कलमाचा आशय असा: ज्या साक्षीदाराला बोलता येत नाही त्याने लिहून वा खुणांनी साक्ष द्यावी; लेखन वा खुणा खुल्या न्यायालयात व्हाव्यात; आणि अशी साक्ष ‘तोंडी पुरावा’ मानली जावी. म्हणजे १८७२ ते १९२८ या काळात जन्मतः बहिरामुका हिंदू माणूस भावाच्या जमिनीच्या तंट्यात साक्षीदार म्हणून उभा राहू शकत होता, त्याच जमिनीचा वाटेकरी म्हणून नाही. आणि ‘तोंडी पुरावा’ ही शब्दयोजना तर साहित्याच्या विद्यार्थ्याने दोनदा वाचावी अशी. हाताने दिलेल्या साक्षीला दर्जा द्यायचा, तर तिला तोंड बहाल करावे लागले! कायद्याने ती मानली हे थोर. पण हाताची साक्ष ही हाताची म्हणून कशी टिपायची, याविषयी त्या कलमात अक्षरही नव्हते. हातांनी सांगितलेले हवेत विरून जाई आणि कागदावर उरे ते दुभाष्याचे वाक्य.

शाळांचा इतिहास त्या मानाने थोडक्यात सांगता येतो. मुंबईचे कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने १८८० च्या दशकाच्या मध्यात मुंबईत मूकबधिरांसाठी संस्था निघाली. माझगावची ही शाळा देशातील अशा शाळांत सर्वांत आधीची मानली जाते. १८९३ साली कलकत्त्याची शाळा निघाली. योगायोग असा की, आपल्याकडे शाळा निघाल्या त्या नेमक्या मिलान परिषदेनंतर. १८८० च्या सप्टेंबरात मिलानमध्ये बधिरांच्या शिक्षकांची जी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिने खुणांना शिक्षणातून हद्दपार करून ओठांवरून वाचणे आणि तोंडाने बोलणे हीच पद्धत श्रेष्ठ ठरवली. जमलेल्या १६४ प्रतिनिधींपैकी बधिर होता एक. पुढे शतकभर, आपल्याकडेही, वर्गात तोंडाचे राज्य राहिले. हात मांडीखाली दाबून बसायला लावल्याच्या आठवणी जुने विद्यार्थी आजही सांगतात. सांगतात अर्थात हातांनीच.

पण ज्या मुलांना वर्गात गप्प केले त्यांना वसतिगृहात एकत्र ठेवले, ही त्या व्यवस्थेची मोठी चूक म्हणायची की मोठा उपकार? रात्री दिव्याखाली, मधल्या सुटीत, न्हाणीघराबाहेर मोठी मुले लहानांना जी भाषा देत गेली, तीच आजच्या भारतीय सांकेतिक भाषेची एक महत्त्वाची परंपरा. तिला व्याकरणकार नव्हता, कोश नव्हता, आणि शिकवणाऱ्यांच्या लेखी ती वाईट खोड होती. जगभरच्या बधिरांच्या शिक्षकांच्या संघटित परिषदेने मिलानचे ठराव नाकारले ते थेट २०१० साली, व्हँकूव्हरमध्ये.

शिस्तबद्ध अभ्यास सुरू झाला तो बाहेरून. विल्यम स्टोकी यांनी १९६० साली अमेरिकन सांकेतिक भाषेला स्वतःची रचना आहे हे दाखवून दिले. हिमाचल प्रदेशात जन्मलेले, लहानपणीच ऐकू येईनासे झालेले मदन वसिष्ठ अमेरिकेतील गॅलॉडेटला शिकले आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस जेम्स वुडवर्ड आदी सहकाऱ्यांसह दिल्ली, कलकत्ता, मुंबई आणि बंगळूर या चार शहरांतील खुणांचा अभ्यास करू लागले. चारही शहरांतील खुणांत सुमारे तीन-चतुर्थांश नाते आढळले. म्हणजे दादरचा बहिरा आणि दिल्लीचा बहिरा यांच्यात जेवढा संवाद होई, तेवढा त्यांच्या ऐकणाऱ्या आईबापांत झाला नसता. पुढे उलरिके झेशान यांनी या भाषेच्या व्याकरणाचे सविस्तर वर्णन केले.

त्या व्याकरणातील दोन-तीन गोष्टी येथे सांगणे अगत्याचे आहे, कारण पारावरचा प्रश्न त्यांतच अडकलेला आहे. या भाषेत प्रश्नवाचक खूण सहसा वाक्याच्या शेवटी येते, नकारही शेवटी येतो. ‘स्त्री’साठी बोट नाकपुडीशी, चमकीच्या जागी जाते, ‘पुरुष’ म्हणजे मिशी. भुवया उंचावल्या की विधानाचा प्रश्न होतो, तेव्हा चेहरा हा अभिनयाचा भाग नसून व्याकरणाचा भाग असतो. आणि देणे, सांगणे, विचारणे, मदत करणे अशी कित्येक क्रियापदे आपला कर्ता आणि आपले कर्म हवेतल्या दिशेने दाखवतात. हात माझ्याकडून तुझ्याकडे गेला तर मी दिले, तुझ्याकडून माझ्याकडे आला तर तू दिलेस. मराठीत जे काम ‘ने’ आणि ‘ला’ करतात, ते येथे मनगटाची वाट करते. ज्याला ही वाट दिसत नाही त्याला एक हलणारा तळहात दिसतो. आणि देणेकरी व घेणेकरी यांतला फरक तेथेच नाहीसा होतो.

मुंबईतील कर्णबधिरांचे रोजचे जगणे पाहिल्यावर आमचा आणखी एक समज गळून पडला. आम्ही समजत होतो की, दुभाषी नसेल तर हा माणूस अडून बसत असेल. ॲनेलीस कुस्टर्स या स्वतः बधिर असलेल्या बेल्जियन संशोधिकेने मुंबईच्या लोकलमधील अपंगांच्या डब्याविषयी लिहिले आहे. ठरलेल्या गाडीच्या ठरलेल्या डब्यात बधिर प्रवासी भेटतात, नोकऱ्यांच्या, लग्नांच्या, भांडणांच्या बातम्या पोचवतात, आणि गप्पा संपल्या नाहीत तर उतरायचे स्टेशन सोडून पुढेही जातात. त्या गोंगाटात ऐकणारे एकमेकांच्या कानाशी ओरडत असताना ही मंडळी या टोकापासून त्या टोकापर्यंत निवांत बोलत असतात. त्यांच्याच ‘इशारे’ या २०१५ च्या माहितीपटात बधिर माणसे भाजीवाले, दुकानदार यांच्याशी खुणांनी व्यवहार करताना दिसतात. पावशेर, अर्धा किलो, महाग, उद्या, नको: बाजाराला पुरेल एवढी हातभाषा आपल्या साऱ्यांनाच येते. वडवणीच्या आठवडी बाजारातही ती येते. अडचण सुरू होते ती जेथे कागद असतो तेथे. न्यायालय, बँक, दवाखाना, तहसील, आणि मुकादमाची वही. भाव ठरवायला खूण चालते, हिशेब मिटवायला वाक्य लागते.

त्या वाक्यासाठी शिकलेला, तटस्थ दुभाषी हवा, ही जाणीव आपल्याकडे फार उशिरा आली. महाराष्ट्राचे एके काळचे राज्यपाल अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था ९ ऑगस्ट १९८३ रोजी मुंबईत वांद्र्याला स्थापन झाली. पण तेथे सांकेतिक भाषेचा स्वतंत्र कक्ष सुरू होऊन दुभाष्यांचे पद्धतशीर प्रशिक्षण होऊ लागले ते २००१ नंतर. दिल्लीचे भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ चे. त्याचा कोश २०१८ साली ३,००० शब्दांचा होता, २०२१ पर्यंत १०,००० शब्दांचा झाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने संवादाच्या व्याख्येत सांकेतिक भाषेला जागा दिली. २०११ च्या जनगणनेत ऐकण्याचे अपंगत्व नोंदवले गेलेली माणसे ५० लाखांच्या घरात होती. त्यांच्यापुढे प्रमाणपत्रधारक दुभाषी किती मोजके, हे वेगळे सांगायला नको.

दरम्यान पोरेच दुभाषी होती. संजय लीला भन्साळींचा १९९६ चा ‘खामोशी’ हा चित्रपट गोव्यातील बधिर दांपत्याच्या ऐकणाऱ्या मुलीभोवती फिरतो. नाना पाटेकरांचा बाप पाहताना आम्हांला तेव्हा अभिनय दिसला होता. आज तो चित्रपट पाहताना लक्ष जाते ते त्या मुलीकडे. आईबापांचा राग, लाज, घासाघीस हे सारे आपल्या तोंडाने बोलावे लागणे ही एखाद्या लेकराच्या वाट्याला आलेली केवढी विचित्र वयस्कता आहे! मुकादमासमोर “तुम्ही खोटे बोलता” हे बापाचे वाक्य दहा वर्षांच्या मुलीने कोणत्या पुरुषात बोलावे? “मी म्हणतो” म्हणावे, की “बाबा म्हणतेत”? शिकलेला दुभाषी प्रथमपुरुषात बोलतो. ‘मी’ म्हणजे बोलणारा बधिर माणूस, दुभाषी नव्हे, हा त्या व्यवसायाचा पहिला धडा. घरचे दुभाषी तृतीयपुरुषात बोलतात, आणि त्या ‘म्हणतेत’मध्ये गाळायला, मऊ करायला, भ्यायला जागा असते. मुलीला आम्ही दोष देत नाही. पुढच्या हंगामातही त्याच मुकादमाच्या टोळीत तिच्या घरच्यांना जायचे होते.

न्यायालयांना हा प्रश्न भिडला तो २०१२ साली. राजस्थान राज्य विरुद्ध दर्शन सिंग या खुनाच्या खटल्यात महत्त्वाची साक्षीदार बधिर व मूक स्त्री होती आणि तिच्या खुणांचा अर्थ सांगणारा तिचा पिता होता. सर्वोच्च न्यायालयाने आरोपीची सुटका कायम ठेवली. नोंद व्हायला हवी ती खुणांची, नुसत्या त्यांच्या अर्थाची नव्हे, असे न्यायालयाने बजावले. त्या निकालाचा लाभ आरोपीला मिळाला, त्या स्त्रीच्या हातांनी सांगितलेले मात्र कायमचे हरवले. आम्हांला हा निकाल एकाच वेळी बरोबर आणि असह्य वाटतो. पुढच्याच वर्षी, २०१३ च्या दुरुस्तीने, अशा साक्षीसाठी दुभाषी किंवा विशेष शिक्षकाची मदत घेणे आणि तिचे चित्रीकरण करणे न्यायालयांना बंधनकारक झाले. २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमानेही ही तरतूद राखली. तो १ जुलै २०२४ पासून अमलात आहे. ‘तोंडी पुरावा’ हे बारसेही राहिले. सप्टेंबर २०२३ मध्ये बधिर वकील सारा सनी यांनी दुभाष्याच्या साह्याने सर्वोच्च न्यायालयापुढे दूरस्थ पद्धतीने काम पाहिले, तेव्हा निदान त्या दालनात तरी हातांना वकिलीचा अधिकार मिळाला.

मात्र उद्या दिल्लीचा किंवा मुंबईचा प्रमाणपत्रधारक दुभाषी वडवणीच्या त्या पारावर नेऊन बसवला तरी प्रश्न सुटेल, अशा भ्रमात कोणी राहू नये. जिल जेप्सन यांनी १९९१ च्या आपल्या निबंधात भारतातील शहरी सांकेतिक भाषा आणि खेड्यातील विखुरलेल्या बधिरांच्या खुणा यांतील अंतर दाखवले होते. ज्याने शाळा पाहिली नाही, वसतिगृह पाहिले नाही, दुसरा बहिरा माणूसही क्वचित पाहिला, त्याची भाषा घरात जन्मते आणि घरापुरती असते. त्यातून ऊसतोडीचे घर म्हणजे दिवाळीनंतर गाव सोडून फडाफडावर हिंडणारे. घरचे आणि टोळीतले सोडले तर तेथे त्याच्या खुणा कोणाच्याच ओळखीच्या नसतात. अशा साक्षीसाठी जाणकार मंडळी साखळी सुचवतात: घरखुणांचा माग काढू शकणारा एक बधिर दुभाषी, आणि त्याचे बोलणे मराठीत आणणारा दुसरा, ऐकणारा. शिवाय घरचे माणूसही लागणारच, कारण या घरात ‘मुकादम’ ही खूण मिशीवरून आहे की घड्याळावरून, हे तिलाच ठाऊक. म्हणजे ती मुलगी हवीच. फक्त तिच्या एकटीच्या खांद्यावर तो आकडा नको.

हा लेख लिहिण्यापूर्वी आम्ही त्या दौऱ्याची वही शोधून काढली. पारावरच्या बैठकीची तीन पाने आहेत. मुकादमाची वाक्ये आहेत, वडीलधाऱ्यांची आहेत, “बाबा म्हणतेत” हे क्रियारूप बोलीचा नमुना म्हणून अधोरेखित केलेले आहे आणि समासात त्याच्या उच्चाराविषयी टीप आहे. वडिलांविषयी एकच ओळ सापडली: ‘गृहस्थ मुके, हातवारे करीत होते.’